फ्लॅट नंतर बघा, आधी खालचे गाळे बघा

वाचकाचं पत्र

आम्ही शहराच्या टोकाला राहतो. मी, नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासरे. आमची दोघांची ऑफिसं शहराच्या मध्यभागी, त्यामुळे दिवसातला मोठा वेळ प्रवासात जातो. त्या भागातली जुनी गोदामं पाडून तिथे नव्या इमारती उभ्या राहताहेत. त्यातल्या एका इमारतीत खाली दुकानं, वर तीन मजले ऑफिसं आणि त्यावर फ्लॅट आहेत. सांगाडा उभा राहिलाय, आतलं काम चालू आहे. मला जागा फार आवडली. चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट वरच्या फ्लॅटपेक्षा बराच स्वस्तात मिळतोय. नवरा म्हणतो, दुकानांच्या डोक्यावर कोण राहतं? सासरे म्हणतात, तो भाग रात्री ओस पडतो. मागच्या गल्लीत गाण्याबजावण्याचा एक जुना हॉल आहे. त्याचा आवाज येईल का विचारलं, तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "तो काय, वर्षभरात बंदच होणार." आणखी एक गोष्ट मनाला टोचते. त्या जागेवर आधी राहणाऱ्या भाडेकरूंना निघून जावं लागलं म्हणतात. काय करावं?

— घरात एकटी पडलेली

उत्तर

ताई, घ्या. पण चौथ्या मजल्यावरचा नको. आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी तळमजल्याचा मंजूर नकाशा मागून घ्या. फ्लॅटचा नकाशा तुम्ही दहादा बघितला असेल. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, मुलीचं टेबल कुठे बसेल, हे सगळं एव्हाना पाठ झालं असेल. पण अशा इमारतीत तुमचं रोजचं सुखदुःख ठरतं ते खाली काय आहे, ते कोणाच्या मालकीचं आहे आणि त्यावर कोणाचा ताबा चालतो, यावर.

आधी तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते. दुकानांच्या डोक्यावर कोण राहतं? जगात फार पूर्वीपासून पुष्कळ शहरवासी तसेच राहत आलेत. रोमजवळच्या ओस्तिया या प्राचीन बंदरात विटांच्या बहुमजली इमारतींचे अवशेष अजून उभे आहेत. रस्त्यालगत गाळे, दोन गाळ्यांच्या मधून वर जाणारा जिना आणि वर भाड्याची बिऱ्हाडं. राहणं एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, ही सक्तीची फारकत त्या मानाने अगदी अलीकडची. न्यूयॉर्कने १९१६ साली अख्ख्या शहराचे असे विभाग पाडले आणि १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागणीवर शिक्कामोर्तब केलं. त्या निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क बांडगूळ ठरवलंय. म्हणजे तेव्हा दुकानं राहू द्या, फ्लॅटसुद्धा नकोसे होते!

त्यामागचं कारण खोटं नव्हतं. कारखान्यांचा धूर आणि कातडी कमावण्याचा वास उशाशी कोणाला हवाय? पण तो धूर शहरातून हटल्यावरही नियम तसेच राहिले. मध्यभागी नुसती ऑफिसं, कडेला नुसती घरं आणि मधे तुमच्यासारख्यांचा प्रवास, असं शहर त्यातून घडलं. १९६१ साली शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी याच्या विरोधात लिहिलं. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या कामांसाठी, वेगवेगळ्या वेळी माणसं आली, तर तो रस्ता दिवसभर जागा राहतो आणि म्हणून सुरक्षितही राहतो, हे त्यांचं म्हणणं. तुमच्या सासऱ्यांनी मांडलेला मुद्दा नेमका हाच आहे. ऑफिसं सुटली की ओस पडणारा भाग म्हणजे जिथे कोणी राहत नाही असा भाग. तुमच्यासारखी कुटुंबं तिथे राहायला गेली तरच त्यावर उपाय होईल. फक्त एक अट आहे. खालची दुकानं उघडी हवीत.

आणि खरी गोम तिथेच आहे. जाहिरातीतल्या चित्रात दुकानांबाहेर छत्र्या असतात, खुर्च्या असतात, सायकलवर एखादी हसरी मुलगी असते. प्रत्यक्षात अशा कितीतरी नव्या इमारतींच्या तळमजल्यावर दोन-दोन वर्षं काचेला आतून कागद चिकटवलेला दिसतो. कागदावर "लवकरच येत आहे". काय येतंय, ते कोणालाच ठाऊक नसतं.

गाळे रिकामे का राहतात? भाडं जास्त म्हणून, हे उघडच आहे. मग मालक भाडं कमी का करत नाही? कारण अशा मालमत्तेची किंमत बहुतेक वेळा तिच्या भाड्यावरून काढतात आणि त्या किमतीवर कर्ज उचललेलं असतं. गाळा रिकामा असेल, तर कागदावर त्याचं जुनं, फुगलेलं भाडं धरून हिशेब चालवता येतो. तोच गाळा निम्म्या भाड्याने दिला, तर किंमत उतरल्याचं कबूल केल्यासारखं होतं आणि बँक विचारायला येते. म्हणून काही मालक वाट बघत बसतात. त्यांची वाट बघणं त्यांना परवडतं. पण संध्याकाळी अंधाऱ्या काचांपुढून एकटीला जावं लागतं, ते तुमच्या मुलीला.

म्हणून तळमजल्याच्या नकाशात पहिली गोष्ट बघा ती गाळ्यांचा आकार. रस्त्याकडेला एकच अवाढव्य गाळा असेल, तर तो फक्त एखाद्या बँकेला किंवा मोठ्या साखळी दुकानालाच परवडतो. त्यांनी नाही म्हटलं की अख्खी बाजू मेली. चार-पाच छोटे गाळे, प्रत्येकाचं दार थेट फुटपाथवर, अशी रचना असेल तर एखादा बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात. रस्त्याची बाकीची बाजू कशाने भरली आहे, तेही बघा. पार्किंगचा उतार, ट्रान्सफॉर्मरची खोली आणि संगमरवरी लॉबी मिळून निम्मी बाजू खात असतील, तर उरलेल्या दोन दुकानांनी त्या इमारतीला बाजारपेठ म्हणणं ही थट्टा आहे.

दुसरा प्रश्न: गाळे विकणार की भाड्याने देणार? एकेक गाळा वेगवेगळ्या गुंतवणूकदाराला विकला, तर कुठे काय यावं याचा विचार कोणीच करत नाही. ज्याचं भाडं जास्त, तो आत. सगळे गाळे एकाच मालकाकडे राहिले आणि तो मालक इमारतीत टिकून राहणार असेल, तर निदान औषधांचं दुकान हवं की तिसरं मोबाइलचं, हे ठरवणारं कोणीतरी असतं. असा मालक हटवादी निघाला तर त्रास आहेच, पण माझा कौल तरीही त्याच्याच बाजूने. बोलायला एक माणूस असतो.

तुमच्या इमारतीत फ्लॅट किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, आणि त्याने फार फरकही पडत नाही. एका इमारतीतली माणसं दुकान जगवू शकत नाहीत. याचा नामांकित पुरावा फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये उभा आहे. वास्तुविशारद ल कोर्बूझिएची १९५२ मध्ये पूर्ण झालेली इमारत, ३३७ घरांची. त्यात दुकानं तळमजल्यावर ठेवलीच नाहीत, इमारतीच्या निम्म्या उंचीवर आतल्या आत एक बाजाररस्ता काढला. रहिवाशांना खरेदीसाठी बाहेर पडायलाच नको, अशी कल्पना. आजही जगभरचे वास्तुविशारद ती इमारत बघायला जातात, पण त्या दुकानांचा जम काही बसला नाही. दुकान चालतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांवर. तुमच्या मिस्टरांना ज्या अनोळखी माणसांची धास्ती आहे, तीच माणसं तुमच्या दारातलं दुकान चालवणार आहेत. त्यांना टाळायचं नाही. ती आपल्या लिफ्टमध्ये शिरणार नाहीत एवढं बघायचं. फ्लॅटसाठी वेगळं प्रवेशद्वार, वेगळ्या लिफ्ट आणि पार्किंगमधून वर येणारा वेगळा जिना आहे का, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

आता चौथा मजला. तो स्वस्त का आहे, हे बिल्डरच्या माणसाला सरळ विचारा आणि तो काय बोलतो याची गंमत ऐका. उजेड थोडा कमी, दृश्य थोडं कमी, असं काहीतरी सांगेल. अर्धवट खरं आहे ते. बाकीचं असं: जिथे ऑफिसं संपून घरं सुरू होतात, ती इमारतीची सगळ्यात गजबजलेली सांधेजोड असते. वरच्या फ्लॅटचे सांडपाण्याचे पाइप बऱ्याचदा तुमच्या फरशीखाली येऊन एकत्र होतात आणि वळतात. ऑफिसांच्या एसीची बाहेरची यंत्रं बऱ्याचदा त्याच पातळीवरच्या गच्चीत बसवलेली असतात, म्हणजे तुमच्या खिडकीसमोर. ऑफिसं आणि घरं यांच्या भिंती एकमेकांवर येत नाहीत, म्हणून खांबांची जागा बदलण्यासाठी जाड स्लॅब टाकलेली असेल तर तीही तिथेच. दुकानांच्या पाट्यांचे दिवे कुठल्या उंचीपर्यंत जाणार, हेही विचारा. रात्रभर पडद्यावर लाल-निळा उजेड पडणं हा काही क्षुल्लक त्रास नाही.

त्या फ्लॅटच्या नकाशात झोपायच्या खोलीला चिकटून एखादा छोटा चौकोन दिसेल, आत तिरकी फुली मारलेला. ते डक्ट, म्हणजे पाइप किंवा धूर वर नेणारी उभी पोकळी. त्यातून काय जातं, असं विचारा. खालच्या एखाद्या गाळ्याला रेस्टॉरंटची परवानगी असेल, तर त्याच्या स्वयंपाकघराचा धूर याच चौकोनातून वर जाणार. तो थेट सगळ्यात वरच्या गच्चीच्या वर सुटत असेल तर ठीक. मधेच कुठे पोडियमवर, म्हणजे दुकानं-ऑफिसांच्या डोक्यावरच्या गच्चीत, सुटत असेल, तर तळणाचा वास तुमच्या कपाटातल्या कपड्यांपर्यंत येईल. डक्टच नसेल, तर दोनपैकी एक गोष्ट होणार. खाली कधीच रेस्टॉरंट येणार नाही, किंवा येईल आणि नंतर कोणीतरी इमारतीच्या बाहेरून पत्र्याचा पाइप चढवेल. दुसरी शक्यता मला जास्त दिसते.

आवाजाचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरातली भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून: रहदारी, बोलणं, गाणी. त्याला चांगल्या जाड दुहेरी काचेच्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या पुष्कळ अडवतात, आणि हे काम तुम्ही नंतरही करून घेऊ शकता. दुसरा आवाज इमारतीच्या हाडांतून चढतो. पहाटे मागच्या गल्लीत मालाची गाडी रिव्हर्स घेते, तिची पी-पी खिडकी थांबवेल. पण त्यानंतर लोखंडी शटर वर सरकतं, क्रेट जमिनीवर आदळतात, ट्रॉलीची चाकं फरशीच्या प्रत्येक सांध्यावर ठक-ठक करत जातात. ते शटर ज्या खांबाला बोल्टने आवळलेलं आहे, तोच खांब तुमच्या पलंगामागून वर गेलाय. या आवाजावर बांधकाम झाल्यावर इलाज जवळपास नाही. म्हणून गाड्यांतून माल कुठे उतरणार, कचऱ्याची खोली कुठे आणि तिथे दाराशी, जमिनीला रबराचं काही अस्तर आहे का, हे आत्ताच विचारायचं. खाली जिम येणार असेल तर कान टवकारा. उचललेली वजनं जमिनीवर टाकायची हौस असलेला एक जण पाच मजल्यांची झोप उडवू शकतो.

आकडा हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचना लक्षात ठेवा. रात्री झोपण्याच्या खोलीत सरासरी ३० डेसिबलपर्यंत आणि अधूनमधून होणारा एखादा आवाज ४५ पर्यंत. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. १० ने वाढला की कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे "पाच-दहाचाच तर फरक" असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका.

आता मागच्या गल्लीतला हॉल. "बंदच होणार" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. ते खरं असेल, तर ज्या भागाचं जिवंतपण दाखवून तुम्हाला फ्लॅट विकताहेत, त्याची पहिली वीट काढली जातेय. खोटं असेल, तर तुम्ही राहायला जाल, दर आठवड्याला गाणं ऐकाल, तक्रार कराल आणि कदाचित तुमच्यासारख्यांच्या तक्रारींनीच तो बंद पडेल. बऱ्याच शहरांत असंच झालंय. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या धोरणात एक साधं तत्त्व आणलं: जो नंतर येतो, आवाजाचा बंदोबस्त त्याने करायचा. हॉल आधीपासून आहे, तर खिडक्या आणि भिंती चांगल्या करण्याचा खर्च नव्या इमारतीच्या बिल्डरचा. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, मागणी हीच करा. हॉलच्या बाजूच्या खिडक्यांची काच कुठल्या जाडीची, हे करारात लिहून द्या म्हणा. ढोलाचा, बासचा खालचा सूर साध्या काचेला जुमानत नाही, त्यामुळे "डबल ग्लेझिंग आहे की" एवढ्यावर समाधान मानू नका. आणि शक्य असेल तर फ्लॅट दुसऱ्या बाजूचा घ्या. मग हॉल चालू राहिला तर तिकीट काढून चालत जाता येईल, इतपतच त्याचा संबंध.

करारात आणखी तीन-चार ठिकाणी बोट ठेवा. मेंटेनन्सचा वाटा कसा ठरलाय? ऑफिसांची माणसं दिवसभर वर-खाली करणार, त्यांच्या लिफ्टचं बिल तुमच्याकडे कशाला? सोसायटीच्या सभेत मतं माणशी आहेत की क्षेत्रफळावर? क्षेत्रफळावर असतील आणि तीन मजले ऑफिसं एकाच्या हातात असतील, तर सभेत तुम्ही नुसत्या चहाला जाणार. खाली कुठले व्यवसाय चालतील, किती वाजेपर्यंत, आणि उद्या ते बदलायचे तर कोणाची संमती लागेल? पोडियमवरची बाग जाहिरातीत तुमची आहे, कागदावर कोणाची आहे? हे सगळं तोंडी ऐकू नका. वकिलाला वाचायला द्या, त्याची फी अशा वेळीच वसूल होते.

शहराचा मध्यभाग बदलतोय, याचा एक अर्थ जाहिरातीत कधीच येत नाही. तुमच्या शेजारची गोदामंही पडणार. आज खिडकीतून दिसणारं आकाश म्हणजे उद्याचा कोणाचा तरी बारावा मजला. ड्रिल, धूळ, बंद फुटपाथ हे काही वर्षं चालेल असंच धरून चाला. शेजारच्या प्लॉटवर काय मंजूर आहे, ते पालिकेत जाऊन बघता येतं, बघून या. अशा भागांत दुकानं आधी येतात. शाळा, दवाखाना, खेळायची मोकळी जागा मागून, आणि कधीकधी येतच नाहीत. मुलीची शाळा बदलणार आहात का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. तो विचार आधी करा.

भाडेकरूंची टोचणी तुम्हाला लागली, हे बरं झालं. त्यावर मी मलमपट्टी करणार नाही. तुम्ही फ्लॅट घेतला नाही तर तो दुसरा कोणी घेईल आणि गेलेले परत येणार नाहीत, हे खरं आहे, पण तेवढ्याने विषय संपत नाही. त्यांचं काय ठरलं होतं, हे विचारा. नव्या इमारतीत त्यांना जागा मिळणार होती का, मिळाली का, की पैसे देऊन वाटेला लावलं? बिल्डर ज्या तत्परतेने उत्तर देईल किंवा टाळेल, त्यावरून तुमच्याशी तो पुढे कसा वागेल याचाही अंदाज येईल. काहींना जागा दिली असेल, तर त्यांचं दार कुठे आहे ते बघा. २०१४ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. एकाच इमारतीत पैसेवाल्यांना समोरचं दार आणि स्वस्त घरांत राहणाऱ्यांना मागच्या गल्लीतून वेगळं. तुमच्याकडे तसं निघालं, तर सोसायटीच्या पहिल्या सभेत बोलणारं कोणीतरी हवं. ते तुम्ही असू शकता.

शेवटी घरातल्या बैठकीबद्दल. मिस्टरांना पटवत बसू नका, त्यांना कामाला लावा. याच बिल्डरची अशीच, खाली दुकानं असलेली एखादी जुनी इमारत शोधून काढा. तिथे ऑफिसांच्या लगेच वरच्या मजल्यावरची दोन-तीन दारं त्यांनाच ठोठावू द्या. शटर किती वाजता उघडतं, वास येतो का, मेंटेनन्स किती वाढला, असे प्रश्न त्यांच्या तोंडून जितके नेमके निघतील तितके तुमच्या निघणार नाहीत. तुमचा जीव त्या जागेवर जडलाय. नव्या इमारतीच्या जागेवरही दोघं जाऊन या, रविवारी दुपारी नव्हे, त्या वेळी कुठलीही जागा छानच दिसते. ऑफिसं सुटल्यावर एकदा, हॉलमध्ये कार्यक्रम असेल त्या रात्री एकदा आणि मालाच्या गाड्या येतात त्या पहाटे एकदा. सगळं ठीक वाटलं तर सातव्या-आठव्या मजल्यावरचा, हॉलच्या उलट बाजूचा फ्लॅट बघा. चौथ्यापेक्षा महाग पडेल. परवडत नसेल तर एक खोली कमी घ्या, पण मजला सोडू नका.

सासऱ्यांच्या दृष्टीने खाली औषधं आणि डॉक्टर असणं ही मोठी सोय आहे, पण आठव्या मजल्यावर राहायचं तर फ्लॅटच्या वाट्याला किमान दोन लिफ्ट हव्यात आणि वीज गेल्यावर त्यातली एक चालायला हवी. जनरेटरवर कुठली लिफ्ट आहे, फ्लॅटची की ऑफिसांची, ते लेखी घ्या.